पाणंदीच्या टोकाचं घर

कॉरिस, वेल्स
फेब्रुवारी

ती. आई-बाबा,
सा. न.

रविवारच्या फोनवर तुमचे प्रश्न संपत नाहीत आणि इथलं नेटवर्क मधेच मान टाकतं. म्हणून तुम्ही एप्रिलात यायच्या आधी सगळं एकदा लिहूनच काढते. कॅलेंडरवरचा हिरवा डोंगर आणि पांढऱ्या मेंढ्या तुमच्या डोळ्यांपुढे असतील. ते तसं आहेच. पण त्या चित्रात राहायचं तर पाणी, सांडपाणी, ऊब सगळं घरच्यांनीच बघायचं. शहरात जे पालिका करते ते गावाबाहेरच्या ह्या घरांत घरमालक करतो.

आधी घर. कॉरिस हे स्लेटच्या खाणींवर वसलेलं गाव. तुमच्या शाळेतली पाटी ज्या दगडाची होती तोच हा दगड. इथला थर अरुंद, त्यामुळे छपराच्या कौलांपेक्षा मोठ्या लाद्याच जास्त निघायच्या. बिलियर्डची टेबलं, पाण्याच्या टाक्या, थडग्यांचे दगड त्यांतूनच होत. शेजारच्या अबेरलेव्हेनीची खाण २००३ मध्ये बंद झाली. माल खाली न्यायला १८५९ मध्ये घोड्यांनी ओढायची छोटी रेल्वे घातली होती. ती १९४८ च्या पुरानंतर बंद पडली आणि २००२ पासून हौशी मंडळींनी तिचा थोडा तुकडा पुन्हा चालवायला घेतला आहे. बाबा, रुळांतलं अंतर फक्त सव्वादोन फूट आहे, तुम्हाला मोजायला आवडेल. आपल्याकडे गडगा घालतात तसे इथे स्लेटच्या फळ्या जमिनीत उभ्या रोवून तारेने बांधतात, तेच कुंपण. त्याला 'क्राव्याय' म्हणतात. छपरावरच्या कौलांना मापानुसार नावं आहेत: २४ बाय १२ इंचाची 'डचेस', २० बाय १० ची 'काउंटेस', १६ बाय ८ ची 'लेडी'. दगड शंभर वर्षं टिकतो, त्याला धरणारे खिळे गंजतात. म्हणून वादळानंतर अंगणात कौल पडलेलं दिसलं तर एकच सुटलं असं समजू नये, बाकीच्यांचे खिळेही त्याच वयाचे असतात.

भिंती दोन फूट जाडीच्या, आत पोकळी नाही. अशा भिंतीत ओल शिरते आणि चुन्याच्या दरजांतून परत बाहेर पडते. आपल्या चिऱ्याच्या जुन्या घरांना चुना का लागे हे बाबांना सांगायला नको. गेल्या शतकात अनेकांनी बाहेरून सिमेंट थापलं. त्याला तडे गेले की पाणी आत जातं, पण बाहेर यायची वाट बंद झालेली असते. मग ओल खोलीत उतरते. आई, ह्यात तुझ्या स्वयंपाकाचाही वाटा असणार. कुकरची वाफ थंड भिंतीवर जाऊन पाणी होते आणि कपाटामागे काळी बुरशी धरते. कुकर लावलास की स्वयंपाकघराचं दार बंद, वरचा पंखा सुरू, आणि शिट्ट्या झाल्यावर दहा मिनिटं खिडकी उघडी. गारठा येईल म्हणून खिडकी बंद ठेवली तर गारठा दुप्पट वाटतो, कारण ओल धरलेल्या भिंतीतून ऊब लवकर निघून जाते. बाहेरच्या भिंतीला कपाट चिकटवायचं नाही, चार बोटं जागा सोडायची. कपडे रेडिएटरवर वाळत घालायचे नाहीत. एका धुण्यातलं दोनेक लिटर पाणी सरळ हवेत जातं.

पाइपचा गॅस इथे येत नाही. बॉयलर रॉकेलवर चालतो, अंगणातली हिरवी टाकी त्याचीच. टँकर एका वेळी ५०० लिटरपेक्षा कमी सहसा देत नाही आणि बर्फ पडला की पाणंदीत वर चढत नाही. म्हणून पाव टाकी उरली की मागणी नोंदवायची. टाकी रिकामी होऊ दिली तर नुसतं थंडीवर भागत नाही. तळाचा गाळ नळीत ओढला जातो, नळीत हवा शिरते आणि बॉयलर तेल भरल्यावरही पेटत नाही. मग मेकॅनिक येऊन हवा काढेपर्यंत थांबावं लागतं. लाल बटण दोनदा दाबून पेटला नाही तर तिसऱ्यांदा दाबायचं नाही. न जळलेलं तेल आत साचतं आणि नंतर एकदम भडकतं. नवं तेल भरतानाही बॉयलर बंद ठेवायचा आणि नंतर तासभर थांबायचं, म्हणजे ढवळलेला गाळ खाली बसतो.

संध्याकाळी मात्र लाकडाचा स्टोव्ह पेटतो, आणि आई, इथे तुझी चूल उलटी आहे. खाली जाड ओंडके, वर बारीक ढलप्या, सगळ्यात वर काडी. आग वरून खाली उतरते, त्यामुळे लाकडातून निघणारा धूर ज्वाळेतून जातो आणि जळून जातो. खालून पेटवलं तर तोच धूर काच काळी करतो. पहिली दहा-पंधरा मिनिटं हवेच्या झडपा पूर्ण उघड्या. राख सगळी काढायची नाही, बोटभर थर राहू द्यायचा, निखारा त्यावर टिकतो. काढलेली राख झाकणाच्या लोखंडी बादलीत घराबाहेर ठेवायची, कारण आतली ठिणगी दुसऱ्या दिवशीही जिवंत असते. लाकडात ओलावा २० टक्क्यांच्या आत हवा. ओकसारखं लाकूड फोडून दोन वर्षं वाळवावं लागतं. ओलं लाकूड जाळलं, किंवा रात्रभर धुमसत ठेवलं, की धुराड्यात डांबर साचतं आणि एखाद्या रात्री धुराडंच पेटतं. वर्षातून एकदा धुराडं साफ करून घेतात. भिंतीवरचं पांढरं डबडं कार्बन मोनॉक्साइड ह्या विषारी वायूचा इशारा देणारं. ते वाजलं तर दारं-खिडक्या उघडून आधी बाहेर पडायचं.

पाणी डोंगरातल्या झऱ्याचं आहे. आधी गाळाची गाळणी, मग अल्ट्राव्हायोलेट दिवा. दिवा दिसायला पेटलेला असला तरी वर्षाने बदलायचाच, उजेड राहतो पण जंतू मारायची ताकद संपते. मोठ्या पावसानंतर पाणी गढूळ झालं तर उकळून प्यायचं, कारण मातीच्या कणांच्या सावलीत जंतू वाचतात. वीज गेली की दिवाही जातो, तेव्हाही उकळायचं. पाणी अगदी मृदू असल्याने तूरडाळ मात्र झटकन शिजते.

सांडपाणी बागेतल्या सेप्टिक टँकमध्ये जातं आणि पुढे शोषखड्ड्यात मुरतं. ह्यात तेल-तूप गेलं तर संपलंच. खोबरेल तेल २४ अंशांखाली गोठतं, म्हणजे इथल्या नळीत बहुतेक वर्षभर. कढई आधी कागदाने पुसून घ्यायची, तो कागद कचऱ्यात. ब्लीच ओतायचं नाही, टाकीतले जिवाणू मरतात आणि मग मैला कुजतच नाही. कचऱ्याची गाडी उरल्यासुरल्या कचऱ्यासाठी तीन आठवड्यांतून एकदाच येते. खरकटं, काच, कागद, डबे वेगळे करून दर आठवड्याला द्यायचे असतात.

वीज जाते तेव्हा सगळं एकदम जातं: बॉयलरचा पंप, इंटरनेट आणि त्यावर चालणारा घरचा फोनही. डिसेंबर २०२४ च्या 'डॅरा' वादळात पश्चिम वेल्समधल्या अनेक घरांत काही दिवस वीज नव्हती. म्हणून बॅटऱ्या, पाण्याचे दोन कॅन आणि सिलिंडरची शेगडी कायम तयार असते. वीज गेल्याचं कळवायचा नंबर १०५.

आता बाहेर पडा. इथले रस्ते म्हणजे डांबर घातलेल्या पाणंदी, दोन्ही बाजूंना उंच वई, मधे एकच गाडी जाईल एवढी जागा. समोरून गाडी आली की ज्याला रुंद जागा जवळ तो मागे जातो. मागे ट्रेलर असलेल्या ट्रॅक्टरला कुणी मागे जायला लावत नाही. वाट दिली की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचं, तेवढंच धन्यवाद. ते न करणारा परगावचा हे लगेच कळतं. 'अराव्ह' असं रस्त्यावर रंगवलेलं दिसेल, म्हणजे सावकाश. १७ सप्टेंबर २०२३ पासून वस्तीतल्या बहुतेक रस्त्यांवर ताशी २० मैलांची मर्यादा आहे. त्यावरून गावागावांत अजून वाद घालतात.

बाबा, तुमच्या फिरण्याची सोय चांगली आहे. पिवळा बाण दिसेल तिथे शेतातून जायचा हक्क आहे. फाटक जसं असेल तसं ठेवायचं. उघडं दिसलं तर ते मुद्दाम उघडं असतं, मेंढ्यांना पाण्यापर्यंत जाता यावं म्हणून. उघडत नसेल आणि चढून जावं लागलं तर बिजागरीच्या बाजूने चढायचं, कडीच्या बाजूने वजन पडलं की फाटक झुकतं. गाय आणि वासरू यांच्या मधून जायचं नाही. चकचकीत पोपटी शेवाळ दिसलं की तिथे पाय टाकू नका, खाली चिखल आहे. गवतातून आल्यावर गुडघ्यामागे गोचीड बघायची.

तुम्ही याल तेव्हा कोकरांचा हंगाम असेल. वेल्समध्ये माणसं तीस लाखांच्या वर आणि मेंढ्या नव्वद लाखांच्या आसपास, त्यामुळे मार्च-एप्रिलात शेतकऱ्याला जेवायला फुरसत नसते. कोकराचं सगळं पहिल्या सहा तासांत ठरतं. तेवढ्यात पोटात चीक जायला हवा, किलोमागे ५० मिलिलिटर, म्हणजे चार किलोच्या कोकराला एका वेळी २००. हो आई, खरवसाचाच चीक, पण इथे त्याचा खरवस करत नाहीत. मान धरता न येणाऱ्या कोकराला बाटली लावत नाहीत, दूध फुप्फुसात जातं. बारीक नळी थेट पोटात सोडतात. थंडीने गारठलेलं कोकरू पाच तासांहून मोठं असेल आणि अंग ३७ अंशांच्या खाली गेलं असेल तर लगेच शेकत नाहीत. आधी पोटात ग्लुकोजचं इंजेक्शन, मग ऊब. अंग तापलं की उरलीसुरली साखर जळते आणि झटका येऊन ते दगावतं. माझ्या मते ह्या खोऱ्यातलं खरं कसब हेच, घाई कधी करायची आणि कधी नाही.

फिरताना एखादी मेंढी उताणी पडून पाय झाडताना दिसली तर तिला झोप लागलेली नाही. गाभण किंवा ओल्या लोकरीची मेंढी उताणी झाली की तिला स्वतःहून उठता येत नाही. पोटातला वायू ढेकरेवाटे निघत नाही, पोट फुगून फुप्फुसावर दाबतं आणि काही तासांत ती मरते. कावळे त्याआधीच डोळ्यांवर येतात. लोकर धरून तिला कुशीवर वळवायचं, उभी करायची आणि मिनिटभर दोन गुडघ्यांत धरून ठेवायचं, नाहीतर झोकांडी खाऊन पुन्हा पडते.

वरच्या उघड्या डोंगरावर कुंपण नसलं तरी कळप आपल्याच भागात चरतो. मेंढी आपल्या कोकराला ती हद्द शिकवते. त्याला 'कनेव्हिन' म्हणतात. २००१ च्या लाळ-खुरकुताच्या साथीत जिथे असे अख्खे कळप मारावे लागले, तिथे ही माहितीही मेली. नवीन आणलेल्या मेंढ्यांना डोंगर कुणाचा ते ठाऊक नसतं.

भाषेची भीती नको, इंग्रजी सगळ्यांना येतं. पण ग्विनेथ परगण्यात २०२१ च्या जनगणनेनुसार ६४ टक्के लोक वेल्श बोलतात, आणि 'बोरे दा' म्हटलं की चेहरा खुलतो. ती सकाळची रामराम. 'दिओल्ख' म्हणजे आभारी आहे, 'पानद' म्हणजे चहाचा कप. आजीला 'नाइन', आजोबांना 'टाइड'. आडनावं थोडी, जोन्स, डेव्हिस, एव्हान्स फिरून फिरून, म्हणून माणसाला त्याच्या शेताच्या नावाने ओळखतात, आपल्या वाडीत घरावरून ओळखतात तसं. जवळचं बाजाराचं गाव मखन्लेथ. तो मधला 'ल' आपला नाही: जीभ ल म्हणायच्या जागी ठेवा आणि आवाज न करता बाजूंनी हवा फुंका. तिथला बुधवारचा बाजार १२९१ च्या सनदेपासूनचा आहे. जुनी मोजदाद विसांची आहे, चाळीसला 'दोन विसा' म्हणतात, अठराला 'दोन नऊ', पन्नासला 'अर्धं शंभर'. आजी अंडी विसांत मोजायची, तिला हे पटकन समजलं असतं.

बर्मिंगहॅमहून मखन्लेथला गाडी सव्वादोन तास घेते. तिथे गाडीचे दोन भाग होतात, एक ॲबरिस्टविथकडे, एक किनाऱ्याने पुथ्लेलीकडे. तुम्ही मखन्लेथलाच उतरणार, म्हणून कुठल्याही डब्यात बसा. मार्चअखेर इथली घड्याळं तासभर पुढे जातात, मग तुमच्या-माझ्यात साडेचार तासांचं अंतर. औषधं पुरेशी आणा, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत.

आई, बीडाचा तवा आणू नकोस, इथे घरोघरी आहे, 'प्लांक' म्हणतात. त्यावर 'पिके आर अ माइन' करतात: २२५ ग्रॅम सेल्फ रेझिंग (बेकिंग पावडर मिसळलेला) मैदा, ११० ग्रॅम लोणी चोळून घालायचं, ८५ साखर, ५० बेदाणे, चिमूट जायफळ, एक अंडं. पाणी नाही. पाव इंच जाड लाटून मंद आचेवर प्रत्येक बाजूला तीन मिनिटं. आच वाढवलीस तर बाहेर करपतं आणि मधे कच्चं राहतं, थालीपिठाचं होतं तेच.

तुमची,
मुलगी

ता. क. जायफळ मात्र घरचं आण. इथे मिळतं त्याला वास नाही.