डावीकडे वळणाऱ्यालाही लाल दिवा हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या अंकाशी माझं नातं वाचकाच्या आधी पेपरवाल्याचं. पहाटे स्वारगेटजवळच्या सेंटरवर गठ्ठे उतरतात, तिथेच फुटपाथवर बसून आम्ही पुरवण्या भरतो आणि सायकलला पिशव्या अडकवून आपापल्या लाइनीला लागतो. माझी लाइन सातारा रस्त्याने पद्मावती, बालाजीनगर करत धनकवडीला संपते. अजून सायकलच का, असं गिऱ्हाईकं विचारतात. दर दोन फाटकांनंतर थांबायचं, एक पाय जमिनीवर टेकवायचा आणि पेपरची घडी दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत भिरकावायची, या कामाला सायकलीसारखं दुसरं वाहन नाही. शिवाय पेपरच्या कमिशनला पेट्रोल झेपत नाही.

रस्त्यांबद्दल आपल्या सदरात पत्रं येतात ती बहुतेक खड्ड्यांची, फुटपाथवर लावलेल्या गाड्यांची. ती खरीच आहेत. मला मात्र एकाच गोष्टीबद्दल लिहायचं आहे. सिग्नलला डावीकडे वळणाऱ्यांसाठी कायम मोकळी ठेवलेली वाट, म्हणजे आपला फ्री लेफ्ट.

चालणाऱ्याच्या बाजूने बघा. सिग्नलच्या वेळा ठरवताना माणूस सेकंदाला साधारण १.२ मीटर चालतो असं धरतात. चोवीस मीटर रुंद रस्ता असेल तर वीस सेकंद. काठी टेकत चालणाऱ्याला, सेकंदाला ०.८ मीटर धरलं, तर तीस लागतात. म्हणजे म्हाताऱ्या माणसाचं गणित पहिल्यापासूनच तंग. त्यात चालत्या माणसाचा हिरवा दिवा लागला तरी पहिल्या तीन-चार मीटरमधून डावीकडे वळणाऱ्या गाड्या वाहतच असतात, कारण त्यांना लाल दिवा नाहीच. झेब्रा पट्टे त्यांच्या वाटेवरही मारलेले असतात, पण त्या पट्ट्यांवर थांबायला त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. आमचं एक जुनं गिऱ्हाईक, निवृत्त मास्तर, दूध आणायला जाताना कडेला उभे राहून कोणी थांबतंय का बघतात. दिवा हिरवा होतो, वीस सेकंद संपतात, आजोबा तिथेच. मग पुढचा हिरवा. कधी एखादा रिक्षावाला थांबतो आणि हात करतो. दर वेळी थांबणारा रिक्षावालाच असतो असं माझं मत झालंय. मोठ्या गाडीवाल्यांनी रागावू नये.

आता सायकलवाल्याच्या बाजूने. आपल्याला सरळ जायचं असतं आणि नियमानं आपण डाव्या कडेला असतो. नेमका तिथूनच मागचा टेम्पो डावीकडे घुसतो. लांब गाडी वळते तेव्हा तिचं मागचं चाक पुढच्या चाकाच्या मागोमाग जात नाही, ते आतून, कोपरा कापत जातं. गाडीचं तोंड पार झालं म्हणून ड्रायव्हरला वाटतं आपण सुटलो, आणि सायकलवाला चाक आणि फुटपाथची कडा यांच्या मध्ये सापडतो. पूर्वी डाव्या बाजूला क्लीनर असायचा, दारावर थाप मारून ओरडायचा. आता बऱ्याच गाड्यांवर ड्रायव्हर एकटाच असतो आणि डावी बाजू आरशाच्या भरवशावर.

गेल्या पावसाळ्यात आमच्या सेंटरवरच्या एका पोराला असंच झालं. कॉलेज करून लाइन टाकतो. टेम्पोच्या मागच्या बाजूने सायकलचं हँडल ओढलं, पोरगं आपटलं, खांद्याचं हाड मोडलं. टेम्पो थांबला नाही. त्याला कळलंही नसेल. पोरगं उठायच्या आधी विचारत होतं, पेपर भिजले का? त्याची लाइन पुढे आम्ही वाटून घेतली. चौकाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव छापलं की तेवढाच चौक दुरुस्त होतो, तोही फोटो काढण्यापुरता.

लोक म्हणतील, सायकल ट्रॅक आहेत की. आहेत. बीआरटीच्या, म्हणजे बससाठी वेगळी वाट काढली त्या वेळी सातारा रस्त्याला सायकल ट्रॅक झाले, पुढे २०१७ मध्ये शहराचा सायकल आराखडाही मंजूर झाला. पण ट्रॅक सरळ रस्त्यावर असतो, जिथे तसंही फार काही होत नाही. चौक आला की तो संपतो आणि कोपरा ओलांडला की पुन्हा उगवतो. मधल्या त्या तुकड्यात ज्याचं त्याने बघायचं. ट्रॅकच्या उद्घाटनाला नारळ फुटतो, कोपऱ्याचं उद्घाटन कोणी करत नाही.

कोपऱ्याचा आकार हाही एक प्रश्न आहे आणि त्याकडे कोणाचंच लक्ष नसतं. फुटपाथचा कोपरा मोठा गोल करून ठेवला की गाडी वेग न उतरवता वळते. तोच कोपरा आवळला की ड्रायव्हरला ब्रेक दाबावाच लागतो. ताशी पन्नास किलोमीटरच्या वेगाने येणारा ड्रायव्हर समोर कोणी दिसल्यापासून ब्रेकला पाय नेईपर्यंत एका सेकंदात जवळजवळ चौदा मीटर जातो, ब्रेक त्यानंतर लागतो. तीसच्या वेगाला हेच अंतर आठ मीटर. साधा गुणाकार आहे, कोणीही करून बघावा.

फ्री लेफ्ट बंद केला तर वाहतूक तुंबेल, हा आक्षेप मी सेंटरवरच्या चहाच्या टपरीवरही ऐकतो. तुंबण्याचं म्हणाल तर आपल्या बहुतेक चौकांत डावीकडे वळणाऱ्यांसाठी वेगळी लेन नसतेच. सरळ जाणारे लालवर थांबले की मागचे डावीकडचेही अडकतात. मग ते हॉर्न वाजवतात, पुढचा बिचारा झेब्र्यावर सरकतो, आणि चालणाऱ्याला गाड्यांच्या मधून वाट काढावी लागते. म्हणजे फ्री लेफ्टने वेळ वाचतो थोड्यांचा आणि कटकट होते सगळ्यांची. जिथे पाटी किंवा हिरवा बाण आहे तिथेच लाल दिव्यात डावीकडे वळता येतं, हेही अनेकांना ठाऊक नाही. डावीकडचं वळण म्हणजे आपला जन्मसिद्ध हक्क, अशी समजूत करून घेतली आहे. आमच्यातलेही काही राँग साइडने येतात, त्यांना पोलिसांनी जरूर धरावं. पण राँग साइडचा सायकलवाला सहसा स्वतःलाच पाडून घेतो.

केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यात ३२,८२५ पायी चालणारी, म्हणजे जवळजवळ पाचांत एक. सायकलवाले साडेचार हजारांहून जास्त. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की चालण्याजोगे फुटपाथ मिळणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. ती बातमी मी स्वतः घरोघर टाकली.

आता मुद्द्याचं. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३८ मध्ये एक पोटकलम आलं. पायी चालणारे आणि सायकलीसारखी बिनइंजिनाची वाहनं यांच्यासाठी राज्य सरकारने नियम करावेत, अशी त्यात सोय आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना हे नियम सहा महिन्यांत करायला सांगितलं. माझी विनंती त्या नियमांपुरती आहे. त्यात एवढं लिहा की जिथे चालणाऱ्यांसाठी सिग्नल आहे तिथे माणसाचा हिरवा दिवा असेपर्यंत डावीकडे वळणाऱ्यालाही लाल असेल. आणि जिथे डावी वाट वेगळी काढलेली आहे तिथे झेब्रा पट्टे फुटपाथच्या उंचीला उचललेले असतील, म्हणजे गाडीला वेग उतरवावाच लागेल आणि काठीवाल्याला उतरचढ करावी लागणार नाही.

नियम व्हायला वेळ लागतो हे समजतं. तोवर कोपरे आवळून बघायला फार खर्च नाही. रस्त्यावर पांढरा पट्टा मारून त्यावर प्लॅस्टिकचे वाकणारे खांब ठोकले की कोपरा एका रात्रीत आवळता येतो, आणि नाही जमलं तर काढताही येतो. बसला वळायला जागा पुरते का, ते आधी बसच्या ड्रायव्हरला विचारून खांब लावावेत. टेबलावर बसून लावू नयेत. एखाद्या शाळेजवळच्या चौकात महिनाभर करून बघावं. आपल्या वार्ताहराला दोन्ही वेळा, आधी आणि नंतर, सकाळी शाळा भरण्याच्या सुमारास तिथे उभं करावं. तोवर माझी लाइन उरकलेली असते, मीही येईन.

आपला,
एक वृत्तपत्र विक्रेता, धनकवडी, पुणे