फाटक उघडे, नळ बंद

महोदय,

हिवाळ्यातही कॅराव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायचे फिरते घर, घेऊन बाहेर पडणाऱ्यांची संख्या वाढते आहे, तेव्हा त्यांच्या मुक्कामाचे तळ, म्हणजे कॅम्पसाइट, बारा महिने उघड्या ठेवाव्यात, असा सूर आपल्या पर्यटन पुरवणीतील लेखात होता. मागणी रास्त आहे. पण हंगाम संपला की कुलूप लावणाऱ्या चालकांना लेखकाने सरसकट आळशी ठरवून टाकले आहे, ते काही पटले नाही. आणि कुलपापेक्षाही जास्त त्रास देणारा एक प्रकार आहे, त्याबद्दल लेखात अवाक्षर नाही.

युरोपात पुष्कळ कॅम्पसाइट मार्च-एप्रिलमध्ये सुरू होतात आणि ऑक्टोबरअखेर बंद होतात. थंडीत गिऱ्हाईक कमी, हे त्याचे एक कारण झाले. दुसरे कारण पायाखाली असते. हिवाळ्यात गवत जवळजवळ वाढत नाही, मातीतली ओल हटत नाही. अशा जमिनीवरून कॅराव्हॅन आणि तिला ओढणारी गाडी एकदा गेली की खोल चाकोऱ्या पडतात आणि उन्हाळी पाहुणे येईपर्यंत त्या तशाच राहतात. पाण्याचे पाइप पुरेसे खोल पुरलेले नसले तर आणखी पंचाईत. पाण्याचा बर्फ होताना त्याचे आकारमान साधारण ९ टक्के वाढते आणि पाइपाला तडा जातो. पण तो कळतो बर्फ वितळून पाणी वाहू लागल्यावर. शिवाय काही ठिकाणी चालकाचे हात कायद्यानेच बांधलेले असतात. ब्रिटनमध्ये कॅराव्हॅन तळाला १९६०च्या कायद्यानुसार परवाना लागतो, आणि सुटीपुरत्या जागेचे कोणी कायमचे बिऱ्हाड करू नये म्हणून नियोजनाची परवानगी देतानाच अनेकदा हंगामाच्या तारखा घालून दिलेल्या असतात. तिथे चालकावर राग काढून काय उपयोग?

थंडी हाच अडथळा असता तर आल्प्समधल्या कॅम्पसाइट आधी बंद पडल्या असत्या. उलट स्कीइंगच्या भागात त्या भर बर्फात गजबजलेल्या असतात. बूट आणि ओले कपडे वाळवायला गरम खोली, ऊबदार स्नानगृहे, रस्त्यावरचा बर्फ रोजच्या रोज काढण्याची सोय, काही ठिकाणी तर मुक्कामाच्या जागेपर्यंत गॅसची जोडणी. तिथे हिवाळा गृहीत धरूनच सगळे बांधलेले असते. खरी गफलत होते ती मधल्या हवामानात, जिथे दिवसा पारा शून्याच्या वर आणि रात्री खाली असतो, आणि पाटीवर मात्र झोकात ‘वर्षभर खुले’ लिहिलेले असते.

अशाच एका पाटीवर विसंबून आम्ही मुक्कामाला गेलो होतो. फाटक उघडे होते, पैसे घ्यायला माणूसही हजर होता. कॅराव्हॅनमधल्या काही बॉयलरना एक झडप असते. आतले तापमान ३ अंशांच्या आसपास उतरले की ती आपोआप उघडते आणि बॉयलर फुटू नये म्हणून त्यातले पाणी सोडून देते. पहाटे आमच्या झडपेने तिचे काम चोख केले. कॅन घेऊन पाणी भरायला गेलो, तर नळाला गोणपाट गुंडाळून वर दोरी आवळलेली. स्वच्छतागृहाला कुलूप. विचारले तर उत्तर मिळाले, ‘हिवाळ्यात पाणी बंदच असते.’ मग खुले काय होते? फाटक!

विजेचेही तेच. काही ठिकाणी जोडणी ६ अँपिअरचीच असते. २३० व्होल्टला हिशेब केला तर हाती येतात जेमतेम १,३८० वॅट. उन्हाळ्यात तेवढ्यात फ्रीज आणि दिवे आरामात चालतात. हिवाळ्यात हीटर चालू असताना चहाची किटली लावली की ट्रिप झालेच म्हणून समजा, आणि वीज पुन्हा चालू करायचे बटण बहुधा कुलूपबंद पेटीत असते. १६ अँपिअर असेल तर प्रश्न मिटतो, पण आरक्षण करताना हा आकडा कोण सांगतो?

मग सारी भिस्त गॅसवर. इथे नवख्यांची फसगत होते. सिलिंडरात ब्यूटेन असेल तर तो शून्याच्या जरा खालीच वायुरूप व्हायचा थांबतो, त्यामुळे अर्धा सिलिंडर भरलेला असूनही पहाटे शेगडी विझते. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायू देत राहतो. हिवाळ्यात तोच हवा. थंडीने हैराण झालेली माणसे छतावरची आणि तळाची हवेची भोके कापडाने बुजवतात, हे मी पाहिलेले आहे. भोके बुजली की शेगडी-हीटरमुळे आत कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साचू शकतो, आणि त्याला रंग नाही, वास नाही. छतावर साचलेला बर्फही तीच भोके बंद करतो, तेव्हा झाडू जवळ असू द्यावा आणि धोक्याची सूचना देणारे यंत्रही.

‘बारमाही’चा आग्रह धरणाऱ्यांनी स्वतःच्या गाडीची कुवतही ओळखावी. युरोपीय मानकात तिसऱ्या श्रेणीची कॅराव्हॅन बाहेर उणे १५ अंश असतानाही आत २० अंशांपर्यंत तापली पाहिजे, अशी अट आहे. प्रत्येक गाडी त्या श्रेणीची नसते. जुन्या, पातळ भिंतींच्या गाडीत बसून थंडीबद्दल चालकाशी भांडणारेही भेटतात.

माझे म्हणणे एवढेच, की सगळी कॅम्पसाइट उघडी ठेवायची गरज नाही. गवताचा भाग खुशाल बंद करा. फाटकाजवळ खडी टाकलेल्या थोड्या जागा, न गोठणारा एक नळ, एक तापवलेले स्वच्छतागृह आणि पुरेशी वीज एवढे ठेवले तरी हिवाळ्यात येणाऱ्यांचे भागते. तेवढेही जमत नसेल तर पाटी उतरवावी. चालकाला कमीपणा येणार नाही आणि आम्ही आधीच दुसरीकडे वळू.

आपल्या पुरवणीत दर हंगामाच्या तोंडावर कॅम्पसाइटची यादी छापून येते. तीत उघडण्याची तारीख आणि बंद होण्याची तारीख एवढेच रकाने असतात. त्यांच्या शेजारी हिवाळ्यात पाणी कुठे मिळेल, जोडणी किती अँपिअरची आणि पक्क्या जागा किती, हे तीन रकाने वाढवता आले तर पाहावे. माहिती मागवणारे पत्र आपल्याकडून गेले, तर बरेच चालक उत्तर देतील असे वाटते.

आपला,
एक वाचक