खाद्यकीटकांच्या सदोष संगोपन संचाबाबत व सोबतच्या चुकीच्या माहितीपुस्तिकेबाबत तक्रार

नाशिक
दिनांक : १६ जून २०२५

प्रति,
माननीय तक्रार निवारण अधिकारी

विषय : पाळीव शॅमेलिऑनसाठी (रंग बदलणाऱ्या सरड्यासाठी) विकलेले खाद्यकीटक व त्यांची माहितीपुस्तिका यांतील गंभीर चुका, आणि त्यामुळे झालेले नुकसान.

महोदय / महोदया,

मी दि. १८ फेब्रुवारी २०२५ रोजी आपल्या संकेतस्थळावरून खाद्यकीटकांचा संगोपन संच २,८५० रुपयांना मागवला. त्यात प्रजननासाठी २०० मोठे मीलवर्म व १०० सुपरवर्म (या दोन्ही भुंगेऱ्यांच्या अळ्या) आणि अर्ध्या इंचाचे १०० घरगुती रातकिडे असतील, तसेच ते वाढवण्याची मराठी पुस्तिका असेल, असे जाहिरातीत म्हटले होते. संच २१ तारखेला मिळाला. वाटेत एकही किडा मेला नव्हता आणि बांधणीही उत्तम होती, हे मी आवर्जून नमूद करते. माझी तक्रार वाहतुकीबद्दल नाही. आपण काय विकले आणि ते कसे हाताळायला सांगितले, त्याबद्दल आहे.

आमच्याकडे येमेनी जातीची शॅमेलिऑन मादी आहे. तिचे नाव पाचू. आपल्या रानातला शॅमेलिऑन कायद्याने संरक्षित असून तो पाळता येत नाही, याची आम्हाला कल्पना आहे. पाचू पिंजऱ्यातच जन्मलेली असून विदेशी प्राण्यांच्या नोंदणीच्या २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर तिची नोंदणी केलेली आहे. संच आला तेव्हा ती साडेतीन महिन्यांची, म्हणजे हाडे भरण्याच्या वयाची होती.

पहिली चूक त्याच संध्याकाळी घडली. 'सर्व अळ्या फ्रिजमध्ये ठेवाव्यात, म्हणजे त्या टिकतात,' असे पुस्तिकेच्या चौथ्या पानावर छापले आहे. हे मीलवर्मपुरते खरे आहे, कारण थंडीत त्यांची वाढ मंदावते आणि त्या जगतात. सुपरवर्म ही मात्र मध्य व दक्षिण अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातील भुंगेऱ्याची अळी असून तिला फ्रिजमधील गारवा सोसत नाही. चौथ्या दिवशी डबा उघडला, तेव्हा शंभरपैकी ८३ अळ्या काळ्या पडून मेलेल्या होत्या. उरलेल्या १७ अळ्या पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे एकाच डब्यात कोंड्यावर ठेवल्या, पण त्यांतील एकही कोषात गेली नाही. सुपरवर्म गर्दीत असेपर्यंत कोषावस्थेत जात नाही, प्रत्येक अळी वेगळ्या लहान डबीत एकटी ठेवावी लागते, ही गोष्ट हे किडे वाढवणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. ज्या पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर 'प्रजनन' हा शब्द आहे, तिच्यात ती नसावी, हे मला समजू शकत नाही.

मीलवर्मची गोष्ट अधिक गंभीर आहे. ते फ्रिजमधून काढून मी गव्हाच्या कोंड्यात, खोलीच्या तापमानाला ठेवले, ओलाव्यासाठी गाजराचे काप दिले आणि दहा आठवडे वाट पाहिली. एवढ्या मोठ्या अळ्या उबेत काही आठवड्यांतच कोष करायला हव्या होत्या. त्या नुसत्या फुगत गेल्या आणि एकेक करून मरू लागल्या. मे महिन्यात आपल्या ग्राहक सेवेला दूरध्वनी केला, तेव्हा 'जाएंट मीलवर्म ट्रीट केलेले असतात' असे उत्तर मिळाले. म्हणजे अळीला अळीच्याच अवस्थेत अडकवून ठेवणारे संप्रेरक त्यांना दिलेले होते. खाद्य म्हणून अशा अळ्या विकण्याची पद्धत आहे, हे मला मान्य आहे. परंतु ज्या अळीचा भुंगेरा नीट होऊच शकत नाही, ती प्रजननासाठी म्हणून विकणे ही ग्राहकाची सरळ फसवणूक आहे.

रातकिड्यांच्या पाकिटावर 'घरगुती रातकिडे, अर्धा इंच' असे लिहिले होते. प्रत्यक्षात निघाले ते काळे, पंखांच्या मुळाशी दोन पिवळे ठिपके असलेले, पूर्ण वाढलेले किडे. युरोप-अमेरिकेत घरगुती रातकिड्यांच्या वसाहती विषाणूमुळे नष्ट झाल्यापासून अनेक पैदासकार दुसऱ्या जातींकडे वळले आहेत. त्यामुळे जात बदलली म्हणून माझी हरकत नाही, ही जातही खाद्य म्हणून चालते. पण शॅमेलिऑनला देण्याचा किडा तिच्या दोन डोळ्यांमधील अंतरापेक्षा मोठा असू नये, हा साधा नियम आहे, आणि हे किडे त्याच्या जवळजवळ दुप्पट होते. शिवाय ही जात आक्रमक आहे. रात्री पिंजऱ्यात राहिलेला रातकिडा झोपलेल्या शॅमेलिऑनला कुरतडू शकतो. म्हणून मी ते तिला दिलेच नाहीत, केवळ अंड्यांसाठी ठेवले. ओल्या कोकोपीटमध्ये त्यांनी अंडी घातली, बाराव्या दिवशी मुंगीएवढी पिल्ले बाहेर आली आणि कोंबडीच्या अंड्यांच्या रिकाम्या ट्रेमध्ये छान वाढली. आपल्या संचातील एवढा एकच भाग यशस्वी झाला.

दुर्दैवाने सर्वांत मोठे नुकसान याच पिल्लांमुळे झाले, कारण ती मी आपल्या पुस्तिकेप्रमाणे वाढवली. 'रोज पालक व कोंडा द्यावा. आमच्या पद्धतीने वाढवलेल्या किड्यांवर कॅल्शियमची भुकटी लावण्याची गरज नाही,' हे नवव्या पानावरचे वाक्य मी आज पुन्हा वाचले आणि पुन्हा अस्वस्थ झाले. रातकिडा काय किंवा मीलवर्म काय, त्यांच्या शरीरात फॉस्फरस हा कॅल्शियमच्या कितीतरी पट असतो. शॅमेलिऑनच्या आहारात मात्र कॅल्शियम निदान फॉस्फरसएवढे, शक्यतो दीड ते दोन पट असावे लागते. ही तफावत भरून काढण्यासाठीच किड्यांना खाऊ घालण्यापूर्वी एक-दोन दिवस कसदार पाला देतात आणि वर कॅल्शियमची भुकटी लावतात. पालकात कॅल्शियम आहे हे खरे, पण त्यातील ऑक्झॅलेट ते बांधून ठेवते. त्याऐवजी आपल्याकडे दारोदारी असणारा शेवग्याचा पाला सुचवला असता, तरी निम्मे काम झाले असते. ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या अळीचा अपवाद सोडला, तर भुकटीवाचून चालेल असा खाद्यकीटक सहसा नाही. आधीच्या विक्रेत्याचे रातकिडे देताना मी भुकटी लावत असे. ती मी आपल्या लेखी सूचनेवरून बंद केली.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात पाचूची जीभ किड्यापर्यंत पोहोचेनाशी झाली. ती नेम धरायची, तोंड उघडायची आणि जीभ अर्ध्यावरून ओघळायची. स्नायूंना आकुंचनासाठी कॅल्शियम लागते, त्यामुळे जीभ हीच अनेकदा पहिली सूचना देते. त्यानंतर फांदीवरची पकड सैल झाली. आम्ही तिला पुण्याला विदेशी प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यांकडे नेले. एक्स-रेमध्ये हाडांची घनता कमी आणि पुढचे पाय किंचित वाकलेले आढळले. पिंजऱ्यातील हाडांसाठी लागणारी यूव्हीबी (अतिनील किरणांची) ट्यूब, तिचे अंतर आणि तापमान त्यांनी तपासले, त्यांत दोष नव्हता, तसे त्यांनी लिहूनही दिले आहे. सहा आठवड्यांच्या औषधाने जीभ सुधारली, पण पायांचा बाक आयुष्यभर राहील. आता पुढची काळजी वेगळीच आहे. या जातीची मादी नराशिवायही अंडी धरते, एका वेळी कित्येक डझन. त्या अंड्यांच्या कवचासाठी लागणारे कॅल्शियम तिच्या आधीच कच्च्या हाडांतून जाईल का, या विचाराने आम्ही घरातली सगळी माणसे रोज तिच्या पोटाकडे पाहतो.

या सर्व गोष्टी छायाचित्रांसह कळवल्यावर आपल्याकडून 'जिवंत माल परत घेतला जात नाही' एवढेच उत्तर आले. मी माल परत करत नाही. पाकिटातला किडा कोणत्या जातीचा, किती आकाराचा, काय खाऊन वाढलेला आणि त्याला कोणते औषध दिलेले आहे, हे मी विचारते आहे. कारण किडा जे खातो, तेच शेवटी माझ्या पाचूच्या पोटात जाते. सध्या मी निफाड तालुक्यातील एका रेशीम उत्पादक शेतकऱ्याकडून रेशमाच्या अळ्या आणते. शेजारच्या द्राक्षबागेत फवारणी कोणत्या तारखेला झाली, तुतीची कोणती ओळ त्यामुळे वर्ज्य केली आणि अळ्यांच्या बिछान्यावर चुना कधी भुरभुरला, हे त्यांनी न विचारता सांगितले. त्यांच्याकडे छापील पुस्तिका नाही.

संचाची किंमत २,८५० रुपये आणि तपासणी, एक्स-रे व औषधे यांचा ६,४०० रुपये खर्च मला परत मिळावा. त्याहून महत्त्वाची मागणी अशी की, ही पुस्तिका त्वरित मागे घ्यावी आणि हा संच घेतलेल्या प्रत्येक ग्राहकाला फ्रिज, पालक व भुकटी यांविषयीची चूक लेखी कळवावी. त्यांच्या घरी आजही कोणी भुकटी न लावता किडे खाऊ घालत असेल, आणि हाडांचा हा आजार दिसू लागेपर्यंत बराच पुढे गेलेला असतो. संप्रेरक दिलेल्या अळ्यांच्या पाकिटावर तसा स्पष्ट उल्लेख असावा आणि त्या प्रजननासाठी विकू नयेत.

ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे या तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एक महिन्यात होणे अपेक्षित आहे. तसे न झाल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे (१९१५) व त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. देयक, पाकिटांची व पुस्तिकेच्या पानांची छायाचित्रे, एक्स-रे आणि पशुवैद्यांचा अहवाल सोबत जोडला आहे. पुस्तिका मागे घेतल्याचे पत्र पैशांच्या आधी आले, तरी चालेल.

आपली विश्वासू,
एक ग्राहक, नाशिक