बायोप्सी अजून का केली नाही

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

काल फोनवर बाबांनी विचारलं, "एक्स-रेत दिसतंय ना, मग तुकडा काढायला एवढा वेळ कशाला?" चिनू शेजारीच होता, म्हणून विषय टाळला. आता सविस्तर लिहिते.

चिनूला खेळताना मार लागला असेल, असं सगळ्यांनाच वाटलं. 14 वर्षांच्या मुलाचा गुडघा दुखला तर दुसरं काय वाटणार? पण खेळ बंद झाला तरी दुखणं वाढतच गेलं, रात्री झोपमोड व्हायला लागली. वाढीच्या वयातलं दुखणं बहुधा दोन्ही पायांत असतं आणि सकाळी गायब होतं. हे एकाच पायात, आणि गुडघ्याच्या वर हाताला कडक सूज लागते.

एक्स-रेत हाडाच्या कडेतून किरणांसारख्या बारीक रेघा बाहेर पडलेल्या दिसतात. त्यावरून संशय ऑस्टिओसार्कोमाचा, म्हणजे हाडाच्या कॅन्सरचा आहे. हाडं झपाट्याने वाढतात त्याच वयात तो जास्त होतो, तोही बहुतेकदा गुडघ्याजवळ. तरी नक्की काय ते बायोप्सीच, म्हणजे सुईने काढलेल्या तुकड्याची तपासणीच सांगणार. हाडातला जंतुसंसर्गसुद्धा कधी कधी असाच दिसतो.

मग थांबलोय कशाला? सुई ज्या वाटेने आत जाते तिथे गाठीच्या पेशी सांडू शकतात, म्हणून पुढे ऑपरेशनमध्ये ती वाटही गाठीबरोबर काढून टाकतात. सुई भलतीकडून घातली, तर वाचला असता तो पाय जाऊ शकतो. त्यामुळे जागा ऑपरेशन करणारे सर्जनच ठरवणार. त्याआधी मांडीच्या अख्ख्या हाडाचा एमआरआय हवा, कारण त्याच हाडात लांबवर दुसरा छोटा ठिपका असू शकतो. शिवाय सुईनंतर आत रक्त साकळलं की चित्र गढूळ होतं. छातीचा सीटीही होईल. हा आजार पसरला तर बहुधा आधी फुप्फुसांत जातो.

आई, सुई लावली की कॅन्सर पसरतो असं तू म्हणालीस. नीट आखून केलेल्या बायोप्सीची ती भीती धरू नकोस. रिपोर्टशिवाय केमो ठरवताच येणार नाही.

बायोप्सी गुरुवारी आहे. रिपोर्ट लगेच मिळणार नाही, हाडाचा तुकडा आधी मऊ करावा लागतो. तुम्ही याल तेव्हा त्याचा पाय चोळू नका, आणि कुबड्या सोडून चाल म्हणू नका. तिथलं हाड मोडू शकतं. त्याला आम्ही सगळं सांगितलंय, त्यामुळे त्याच्यासमोर कुजबुजू नका. त्याचाच जास्त राग येतो त्याला.

तुमची,
मनू