मेसच्या वाटेला कठडा हवा आहे

तळेगाव दाभाड्याजवळच्या आमच्या ज्येष्ठ नागरिक वसाहतीतले रहिवासी, त्यांची मुलं, सुना, जावई, नातवंडं आणि आमचे तळेगावकर शेजारी, सर्वांना सप्रेम नमस्कार.

मागणी आधीच सांगून टाकतो, कारण आवाहनाचं पत्र शेवटपर्यंत वाचणारे थोडे. वसाहतीतल्या बैठ्या घरांपासून मेसपर्यंत २१० मीटरची वाट आहे. (पाटीवर ‘भोजनगृह’ लिहिलंय, पण आम्ही सगळे मेसच म्हणतो.) या वाटेला धरायला कठडा, टेकायला सहा बाक आणि चौदा दिवे हवे आहेत. शिवाय दोन उतारांवरची गुळगुळीत फरशी खरखरीत करून घ्यायची आहे. एकूण खर्च ६ लाख ७० हजार रुपये. रहिवाशांनी आपसांत जमवलेले २ लाख १५ हजार हातात आहेत. उरलेले ४ लाख ५५ हजार ३० एप्रिलपर्यंत जमले, तर मृगाचा पाऊस सुरू व्हायच्या आत काम उरकेल.

आता ज्यांना वेळ आहे त्यांच्यासाठी सविस्तर.

आम्ही इथे ८४ जण आहोत. सकाळी पावणेआठपासून वाटेवर काठ्यांची टकटक सुरू होते. कोणी जाता जाता दुसऱ्याच्या कुंपणावरची जास्वंद आपल्या पिशवीत टाकतं, कोणी पेपर आधी वाचायला मिळावा म्हणून शक्य तेवढी घाई करतं. ज्याला शब्दकोडं आधी मिळतं तो दिवसभर खुशीत असतो. उपमा झाल्यावर कोणाला गोळ्या संपल्यात, कोणाचा मुलगा येणार आहे, हयातीच्या दाखल्याला कोणाचा अंगठा उमटला नाही, या सगळ्याची चर्चा तिथेच होते. गावात पार असतो तशी आमची ही मेस.

पण ती गप्पांपेक्षा मोठं एक काम करते, आणि ते आम्हालाही उशिरा कळलं. मेस म्हणजे आमची हजेरी आहे. गेल्या हिवाळ्यात एक काका सकाळच्या चहाला आले नाहीत. आमच्यातल्या एक निवृत्त मुख्याध्यापिका रोज त्यांच्यासमोर बसतात. सव्वाआठला त्यांनी दाराजवळच्या काठ्यांकडे पाहिलं, काकांची रबरी बूच बदललेली काठी दिसेना, तशा त्या तडक उठल्या. काका पलंगाजवळ जमिनीवर होते, साखर उतरलेली, घामाने भिजलेले. उशाशी घंटेचं बटण होतं, पण शुद्ध हरपलेल्या माणसाला त्याचा काय उपयोग? साखर, डॉक्टर, सगळं वेळेवर झालं. काका आता ठणठणीत आहेत आणि उपम्यात मीठ कमी असल्याची तक्रार रोज करतात.

पावसाळ्यात ही हजेरी मोडते. लोणावळ्याकडून पाऊस सरकत आला की आठ-आठ दिवस फरशी वाळत नाही, तिच्यावर शेवाळ धरतं आणि लोक खोलीत डबा मागवू लागतात. गेल्या मे महिन्यात खोलीवर जाणारे डबे ६ होते. ऑगस्टमध्ये ते २७ झाले. पाऊस थांबल्यावर कमी होतील असं वाटलं होतं, पण दिवाळीनंतरही १९ डबे चालूच राहिले. डब्याशी आमचं वैर नाही. ताप आला, गुडघा दुखला तर मीही मागवतो. पण डबा पोचवणारा मुलगा घंटी वाजवून, डबा ठेवून पुढच्या घराकडे जातो, त्याला वीस घरं करायची असतात. आत माणूस कसा आहे हे त्याने कधी पाहायचं? महिनाभर डबा खाल्ला की पायांतली ताकद जाते, ताकद गेली की पडायची धास्ती वाढते, आणि धास्तीने माणूस आणखी कमी चालतो. यातून बाहेर यायला आमच्या वयात फार जोर लागतो.

गेल्या जुलैत दुसऱ्या उतारावर आमच्या एक आजी पडल्या. वय ७९, तोपर्यंत काठीसुद्धा नव्हती. हातात छत्री, पायाखाली शेवाळ आणि धरायला काही नाही. १०८ची गाडी आली, खुब्याचं ऑपरेशन झालं, आजी घरी आल्या, वॉकर घेऊन अंगणापर्यंत चालतात. मेसला मात्र त्या आलेल्या नाहीत. त्यांच्या जागेवर आम्ही कोणी बसत नाही, हे त्यांना कोणीतरी जाऊन सांगितलं. त्यावर त्या म्हणाल्या, ‘‘बसा खुशाल, मला तिथवर धरून न्यायला रोज कोण मोकळं आहे?’’

इथे एक गंमत सांगतो, म्हणजे गंमत नाहीच. ऑक्टोबर २०२४पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान कार्ड काढता येतं आणि यादीतल्या रुग्णालयात कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. चांगली सोय आहे, ज्यांनी कार्ड काढलं नसेल त्यांनी कार्यालयात आधार घेऊन यावं. पण हाड मोडल्यावर पैसे मिळायची सोय आहे, ते मोडू नये म्हणून कठडा बांधायला पैसे देणारी योजना काही आमच्या पाहण्यात नाही.

‘‘बिल्डरने करायला हवं ना?’’ हा प्रश्न दर सभेत येतो. हवं होतं. माहितीपत्रकात ही वाट फार देखणी दिसत होती, दोन्हीकडे हिरवळ, मधे तुकतुकीत शहाबादी फरशी. ज्येष्ठांच्या वसाहती कशा असाव्यात याची आदर्श तत्त्वं केंद्राच्या गृहनिर्माण मंत्रालयाने २०१९मध्ये काढली, महारेराने (राज्यातल्या बांधकाम प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणाऱ्या प्राधिकरणाने) २०२४मध्ये. आमच्या वसाहतीचा ताबा त्याच्या कितीतरी आधीचा. आमच्यात तीन निवृत्त वकील आहेत आणि तिघांनाही कोर्टात जायची हौस आहे. पण निकाल लागेपर्यंत या वाटेने चालणारे किती उरतील, याचा हिशेब विमा कंपनीतून निवृत्त झालेल्या एका सभासदांनी तोंडी करून दाखवला आणि ती सभा हसण्यातच संपली.

दुसरी सूचना महिन्याचा मेंटेनन्स वाढवायची. समितीने ती नाकारली. आमच्यात सरकारी पेन्शनवाले आहेत तसे कारखान्यांतून निवृत्त झालेलेही आहेत. त्यांना प्रॉव्हिडंट फंडाकडून ज्या ईपीएस ९५ योजनेत पेन्शन मिळतं, तिच्यात किमान पेन्शन महिना १,००० रुपये आहे आणि त्याच्याच आसपास मिळणारे लोक आमच्यात आहेत. घर विकून इथे आलेत, ठेवींच्या व्याजावर राहतात. त्यांना दरमहा आणखी पाचशे म्हणजे औषधातून पाचशे. ज्यांना झेपेल त्यांनी दिलं, त्यातूनच ते २ लाख १५ हजार झाले.

आता कामाबद्दल. कठडा काय, पाइप उभे केले की झाला, असं मलाही वाटायचं. चार सभा लागल्या. वाट २१० मीटर, कठडा एका बाजूने, असं पहिल्यांदा ठरलं. मग अर्धांगातून उठलेले आमचे एक सभासद म्हणाले, ‘‘माझा डावा हात चालत नाही. जाताना धरेन, येताना काय करू? मागे मागे चालू?’’ सभेत कोणी बोललं नाही. त्यामुळे दोन्ही उतारांवर कठडा दोन्ही बाजूंनी घ्यायचं ठरलं. त्याचे ३० मीटर वाढले, एकूण २४० मीटर. मीटरला २,१०० रुपयांप्रमाणे ५ लाख ४ हजार.

उंचीसाठी सरकारी मानकांत ७६० ते ९०० मिलिमीटर असा पट्टा आहे. आम्ही बारा जणांना भिंतीशी उभं करून मापं घेतली आणि ८५० वर आलो. पाइप चाळिसेक मिलिमीटर जाडीचा, कारण त्याहून जाड घेतला तर संधिवाताची मूठ मिटत नाही. स्टेनलेस स्टील दिसतं छान, पण परवडत नाही. झिंकचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप घेऊन त्याला पिवळा रंग देणार आहोत. पिवळाच का, तर मोतीबिंदूच्या डोळ्यांना संध्याकाळी तोच आधी दिसतो. सौंदर्यदृष्टी असलेल्या दोन सभासदांनी याला लेखी हरकत घेतली आहे, ती इतिवृत्तात नोंदवली आहे.

बाक सुमारे ३५ मीटरवर एक, प्रत्येकी ९,५०० रुपये, पाठीला टेकण आणि दोन्ही बाजूंना हात असलेले. हात नसलेल्या बाकावर बसता येतं, उठता येत नाही. दिवे चौदा, प्रत्येकी ४,५००. आणि फरशी? ती काढून नवी बसवणं महाग जातं. पाट्या-वरवंट्याला लावतात तशी टाकी लावून ती खरखरीत करून घ्यायची, हे एका पाथरवटानेच सुचवलं. त्याची मजुरी ४६ हजार.

आपल्या माणसाच्या स्मरणार्थ बाक द्यायचा असेल तर छोटी पाटी लावू. एक अट आहे, पाटीवर नाव आणि गाव लिहू, जन्म-मृत्यूची सालं लिहिणार नाही. बाकावर बसलेली मंडळी वजाबाक्या करतात आणि मग जेवण जात नाही. कठड्यावर कोणाचंही नाव येणार नाही.

रकमेचा संकोच करू नका. ज्या तळेगावात आपण राहतो तिथला काच कारखाना कशावर उभा राहिला आठवा. अंताजी दामोदर काळ्यांनी माणशी एक पैसा मागत पैसा फंड उभा केला, लोकमान्य टिळकांनी पाठबळ दिलं आणि १९०८ साली त्या पैशांतून तळेगावात काच कारखाना सुरू झाला. तेव्हा शंभर रुपये देणाऱ्यालाही पावती मिळेल आणि फलकावर त्याची नोंद होईल. २,१०० रुपयांत एक मीटर कठडा होतो. ज्यांना आकडा हवा असतो त्यांच्यासाठी हा सांगितला.

पैशाचे नियम नीट वाचा. देणगीवर आयकराची सवलत देता येईल अशी नोंदणी आमच्याकडे नाही, त्यामुळे तशी अपेक्षा ठेवू नये. परदेशात राहणाऱ्या, पण भारतीय पासपोर्ट असलेल्या मुलांनी आपल्या खात्यातून रीतसर पैसे पाठवले तर चालतात. ज्यांनी परदेशी नागरिकत्व घेतलं आहे त्यांच्याकडून मात्र आम्हाला घेता येत नाहीत, त्याला एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते. त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. सुटीत याल तेव्हा आईवडिलांना डबा खोलीवर न आणता त्यांच्याबरोबर मेसपर्यंत चालत या, वाटेत दोनदा थांबावं लागेल, थांबा.

रक्कम वसाहतीच्या कार्यालयात चेकने किंवा तिथे लावलेल्या क्यूआर कोडवरून द्यावी आणि पावती लगेच घ्यावी. समितीतर्फे कोणीही घरी किंवा फोनवर पैसे मागणार नाही, ओटीपी तर मुळीच नाही. असा फोन आला तर ठेवून द्या. फसवणूक झालीच असेल तर वेळ न घालवता सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर कळवा, लाजू नका. आमच्यातल्या एका माजी बँक अधिकाऱ्यांनाही असा फोन आला होता आणि तेही दहा मिनिटं बोलत बसले होते. जमाखर्च दर शनिवारी मेसबाहेरच्या फलकावर लागेल.

पैसे देणं जमत नसेल तर हात द्या. जून ते सप्टेंबर दुपारी बारा ते एक या वेळात घरापासून मेसपर्यंत सोबत करणारी माणसं हवी आहेत. आठवड्यातून एक दिवस दिलात तरी चालेल. महाविद्यालयातल्या मुलामुलींनी जरूर यावं. इथे गणित, इंग्रजी, जर्मन आणि पेटी शिकवणारे लोक दुपारभर रिकामे बसलेले असतात, आणि सोबत करणाऱ्याला जेवण आमच्याच पंगतीत. तोल सांभाळण्याचे व्यायाम शिकवू शकेल असे फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून दोन तास देऊ शकले तर खुर्च्या मांडून वाट पाहू. वेल्डिंगच्या कामावर देखरेख करायला जाणता माणूस हवा आहे, आमचे निवृत्त इंजिनिअर तीन आहेत, पण तिघांचं एकमत होत नाही.

३० एप्रिलला जेवढे जमले असतील तेवढ्यात काम सुरू करू. आधी दोन्ही उतारांची टाकी आणि तिथले कठडे, मग उरलेला कठडा, मग दिवे, बाक शेवटी. ज्या आजी पडल्या त्यांनी हा क्रम पाहून बाक दिव्यांच्या आधी घ्या असं सुचवलं आहे. रात्री जेवायला त्या येणार नाहीत, पण दुपारी येतील आणि मधे एकदा बसतील, असं त्यांचं म्हणणं. पुढच्या सभेत त्यावर मत घेऊ.

१ मेला सकाळी सात वाजता पहिल्या उतारापाशी श्रमदान आहे. तारेचे ब्रश, घमेली, ब्लीचिंग पावडर आमच्याकडे आहे. जुनी चप्पल घालून या. चहा साडेआठला मेसमध्ये.

आपला,
चिटणीस, रहिवासी समितीतर्फे