मोजणीची तपासणी शेतकऱ्याच्या खर्चाने का? महसूलमंत्र्यांना खुले पत्र

मा. महसूलमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सविनय नमस्कार.

‘आधी मोजणी, मग खरेदीखत, मग फेरफार’ हे जमीन-व्यवहारांचे धोरण आपण जाहीर केलेत, त्याचे मनापासून स्वागत. बांधाचे दावे पिढ्यान्‌पिढ्या कोर्टात रेंगाळतात, सख्ख्या भावांचे बोलणे बंद होते. खरेदीआधीच हद्द ठरली तर यातले बरेच वाद उभेच राहणार नाहीत. पण त्यासाठी मोजणी बरोबर हवी, आणि ती बरोबर झाली की नाही हे आज कोण पाहतो, याबद्दल हे पत्र आहे.

मी रस्ते आणि कालव्यांच्या सर्वेक्षणात काम करणारा अभियंता आहे. महामार्गाच्या कामात ठेकेदाराला सुरुवातीलाच गुणवत्ता हमीचा आराखडा मंजूर करून घ्यावा लागतो. यंत्र कधी तपासणार, किती फरक चालेल, फेरतपासणी कोण करणार, नोंदी कुठे राहणार, हे सगळे त्यात लिहिलेले असते. शेतकऱ्याच्या बांधावर भूकरमापक, म्हणजे जमीन मोजणारा सरकारी कर्मचारी येतो तेव्हा असा कोणताही कागद शेतकऱ्याच्या हाती पडत नाही. मोजणी चुकली असे वाटले तर त्याने निमताना मोजणीचा, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणीचा अर्ज करायचा, पुन्हा फी भरायची, पुन्हा तारखेची वाट पाहायची. तरीही पटले नाही तर त्याहून वरच्या अधिकाऱ्याकडे सुपर निमताना. म्हणजे चूक शोधायची शेतकऱ्याने आणि खर्चही त्यानेच करायचा. ज्याच्यापाशी पैसे नाहीत, ज्याला नकाशा वाचता येत नाही, त्याच्या गटातली चूक तशीच कायम होते. हे अन्यायाचे आहे. तपासणी तक्रारीची वाट पाहत बसणारी नको. ती मोजणीच्या कामातच आधीपासून ठरलेली असावी आणि तिचा भार भूमी अभिलेख विभागाने उचलावा, एवढीच माझी मागणी आहे.

उपग्रहांच्या संकेतांवरून जागा टिपणारी रोव्हर यंत्रे आली, त्यांना अचूकतेसाठी दुरुस्ती पुरवणारी 77 कॉर्स केंद्रे राज्यात उभी राहिली, ही फार मोठी सुधारणा आहे. उघड्या माळावर रोव्हर काही सेंटिमीटरच्या आत जागा दाखवतो. पण आंब्या-फणसाच्या दाट बागेत, डोक्यावर गेलेल्या उसात किंवा भिंतीला लागून उपग्रहांचे संकेत अडतात, आपटून येतात. तिथे यंत्र ‘फिक्स’ होण्याआधीच, म्हणजे जागा पक्की ठरण्याआधीच घाईने बिंदू घेतला तर एखाद-दोन फुटांचा फरक सहज पडतो, आणि पडद्यावरचे आकडे मात्र तितकेच ठाम दिसतात. दहा साखळ्यांच्या, म्हणजे 330 फुटांच्या बांधावर हद्द दोन फूट सरकली की 660 चौरस फूट जमीन गेली, अर्ध्या गुंठ्याहून जास्त! याला उपाय अवघड नाही. प्रत्येक गावात एक पक्का, ज्ञात बिंदू असावा. मोजणीआधी आणि मोजणी संपल्यावर रोव्हर त्यावर लावावा आणि दोन्ही वाचने प्रकरणात जोडावीत. झाडीत रोव्हरचा हट्ट न धरता ईटीएस, म्हणजे उपग्रहांशिवाय कोन आणि अंतर मोजणारे इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन लावावे.

तरी माझी खरी काळजी यंत्राची नाही. आपण कुठे उभे आहोत एवढेच रोव्हर सांगतो. हद्द कुठे आहे, ते मूळ टिपण, गुणाकार बुक, फाळणी आणि एकत्रीकरणाचा नकाशा अशा मोजणीच्या जुन्या सरकारी अभिलेखांवरून ठरते. यातले काही कागद जीर्ण झालेत, काहींचा एकमेकांशी मेळ बसत नाही, सातबाऱ्यावरचे क्षेत्र नकाशातल्या क्षेत्राशी जुळत नाही. अशा वेळी कोणता जुना दगड, कोणता बांध धरून नकाशा जागेवर बसवायचा, हा निर्णय भूकरमापक जागेवर घेतो. तो निर्णय ‘क’ प्रतीवर, म्हणजे मोजणीनंतर मिळणाऱ्या नकाशावर, शेतकऱ्याला वाचता येत नाही. दोन वर्षांनी शेजारच्या गटाची मोजणी दुसरा माणूस दुसरा दगड धरून करतो आणि एकाच पट्ट्यावर दोन शेजारी सरकारी शिक्क्याचे दोन नकाशे घेऊन उभे राहतात. म्हणून कोणते अभिलेख वापरले, कोणत्या खुणा धरल्या आणि मेळ बसवताना किती फरक उरला, हे ‘क’ प्रतीवर लिहिणे सक्तीचे करा. लगतच्या गटांच्या आधीच्या मोजण्यांशी पडताळल्याशिवाय नवा नकाशा देऊ नका. यंत्रांवर इतका खर्च केल्यावर या एका सवयीवाचून सगळे अडून राहू नये.

मोजणीच्या कामाची अशी तपासणी आपल्याकडे नवी नाही. इंग्रजी अमदानीत पुणे जिल्ह्यात प्रिंगल या अधिकाऱ्याची शेतसाऱ्याची आकारणी फसली, त्याचे एक मोठे कारण म्हणजे खालच्या कर्मचाऱ्यांच्या कामावर पुरेशी देखरेख नव्हती. पुढे इंदापुरातून गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी मोजणी-आकारणीची पद्धत बसवली आणि तिचे नियम सांगणाऱ्या 1847 च्या संयुक्त अहवालात मोजणाऱ्याच्या कामाची वरच्या अधिकाऱ्याने चाचणी घेण्याचा भाग आला. साखळीच्या काळात जे जमले ते आज जमायलाच हवे.

मोजणीत आता परवानाधारक खासगी भूमापक येणार, असेही आपण जाहीर केले आहे. प्रलंबित प्रकरणे पाहता ते गरजेचे आहे. पण अर्जदाराने भूमापक निवडायचा, त्यानेच मोबदला द्यायचा आणि सरकारी अधिकाऱ्याने टेबलावर नकाशा पाहून सही करायची, असे झाले तर लगतधारकाने कोणाकडे पाहायचे? काम आळीपाळीने वाटले जावे. मोजून झालेल्या प्रकरणांतून सोडत काढून ठरावीक हिस्सा दुसऱ्या तालुक्याच्या कर्मचाऱ्याने जागेवर जाऊन पुन्हा मोजावा, आणि कोणत्या कार्यालयाच्या मोजणीत किती फरक निघाला ते दर तिमाहीला विभागाच्या संकेतस्थळावर लावावे. प्रामाणिक भूकरमापकाला याची भीती वाटणार नाही. उलट बांधावर होणाऱ्या आरोपांपासून त्याचे रक्षण होईल.

खासगी भूमापक कामाला लागण्याआधी असा तपासणीचा आराखडा मराठीत प्रसिद्ध करून त्यावर हरकती मागवाव्यात, ही विनंती. सुरुवातीला कोकणातला एक, उसाच्या पट्ट्यातला एक आणि माळरानाचा एक, असे तीन तालुके घेतले तरी चालेल. तांत्रिक भागासाठी माझ्यासारखे अभियंते आणि कितीतरी निवृत्त भूकरमापक विनामोबदला वेळ देतील. आपल्या कार्यालयाने फक्त बोलवावे.

आपला नम्र,
सर्वेक्षणाच्या कामातला एक अभियंता