हात कुणाचे, तेही छापा

सन्माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत डिशवॉशरवरचा लेख वाचला. ‘हाताने घासायला शंभर लिटर, यंत्राला फक्त दहा’ असं त्यात चौकटीत ठळक छापलं होतं. आमच्या ह्यांनी ती चौकट मला मोठ्याने वाचून दाखवली आणि वर ‘बघ, मी म्हणत नव्हतो?’ असंही विचारलं. म्हणून हे पत्र.

मी ३१ वर्षं महाविद्यालयातल्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते. ब्युरेट, पिपेट, चंचुपात्रं, शंकुपात्रं धुण्यात नोकरीचा निम्मा काळ गेला. तेव्हा धुणं या विषयावर मला गप्प बसवणं अवघड आहे. आमच्याकडे चौदा महिन्यांपासून डिशवॉशर आहे आणि तो रोज चालतो, त्यामुळे माझा यंत्रावर राग आहे असंही कुणी समजू नये. राग आहे तो त्या चौकटीवर.

शंभराचा आकडा खोटा नाही. जर्मनीतल्या बॉन विद्यापीठात राइनर स्टामिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सात युरोपीय देशांतल्या ११३ जणांना बारा माणसांच्या जेवणाची खरकटी भांडी दिली आणि घरी घासता तशी घासा म्हणून सांगितलं. सरासरी निघाली १०३ लिटर पाणी, अडीच युनिट ऊर्जा आणि ७९ मिनिटं. पण त्या अभ्यासात ठळकपणे दिसलेली दुसरी गोष्ट म्हणजे माणसामाणसातला प्रचंड फरक. कुणी टब भरून घासत होतं, कुणी नळ सोडून. तुमच्या चौकटीत हा फरक गळाला आणि ‘हात’ तेवढा उरला, जणू सगळ्यांचे हात एकाच वळणाचे.

मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० साली हाच हिशेब हरितगृह वायूंच्या बाजूने मांडला. दहा वर्षांच्या वापरात नळ सोडून घासणाऱ्यांचा आकडा ५,६२० किलो आला, यंत्र नेहमीच्या सवयीने वापरणाऱ्यांचा २,०९० किलो, आणि दोन टबांत, म्हणजे एकात गरम साबणाचं पाणी व दुसऱ्यात गार पाणी घेऊन घासणाऱ्यांचा १,६१० किलो. सगळ्यात कमी आकडा हाताचाच! या अभ्यासात व्हर्लपूल या यंत्रं बनवणाऱ्या कंपनीची माणसंही होती, तरी त्यांनी तो छापला, याचं मला कौतुक वाटतं. यातला मोठा वाटा पाणी तापवण्याचा असतो, हे इथे ध्यानात घ्यायला हवं. जे मुळात गार पाण्यानेच घासतात, त्यांच्याशी विजेच्या बाबतीत यंत्राने बरोबरी करण्याचा प्रश्नच येत नाही.

दोन टबांनी एवढा फरक का पडावा? प्रयोगशाळेत नव्या मुलांना मी एक हिशेब करायला लावत असे. धुतलेल्या फ्लास्कच्या आतल्या बाजूला १० मिलिलिटर साबणाचं पाणी चिकटून राहिलंय असं धरा. खळबळून काढायला ३०० मिलिलिटर स्वच्छ पाणी आहे. ते एकदम ओतलंत, हलवलंत आणि फेकलंत, तर साबणाचा ३१वा भाग मागे राहतो. तेच पाणी शंभर-शंभर करून तीनदा वापरलंत, तर उरतो १,३३१वा भाग. पाणी तेवढंच, आणि भांडं चाळीसपटीहून जास्त स्वच्छ. मुलं आकडेमोड पुन्हा करून बघायची, मग माझ्याकडे बघायची. नळाची धार म्हणजे हे गणित न मांडता पाणी ओतत राहणं; बरंचसं पाणी भांड्याला न लागताच खाली जातं. यंत्राची सगळी हुशारीही याच गणितात आहे. ते थोडंसं पाणी घेतं, तेच पंपाने पुन्हा पुन्हा फवारतं, घाण झालं की सोडून देतं आणि पुन्हा थोडंसं घेतं.

आता आमची वही. यंत्र आल्यावर पहिल्या महिन्यात मी मोजमाप केलं (सवय जात नाही). आमच्या नळाखाली दहा लिटरची बादली ८५ सेकंदांत भरते. ह्यांनी दिवसभराची भांडी त्यांच्या पद्धतीने घासली, तेव्हा मोरीखाली सहा बादल्या भरल्या. तीच भांडी मी दोन टबांत घासली. साबणाला ५ आणि खळबळायला दोनदा ६, असे १७ लिटर झाले. यंत्राच्या निचऱ्याची नळी बादलीत सोडून बघितली, तर इको, म्हणजे कमी वीज-पाण्याच्या प्रोग्रामला साधारण १२ लिटर. इथवर यंत्र जिंकलं. पण दोन मोठी पातेली आणि एक तवा यंत्रात गेलेच नव्हते. ते हाताने घासायला ६ लिटर. म्हणजे १८. माझ्यापेक्षा एक लिटर जास्तच!

हे निमूटपणे वहीतले आकडे बघत होते. आपले साठ लिटर त्यांनी वाचले नाहीत असं दाखवलं.

पुढच्या आठवड्यात आणखी एक गोष्ट उघडकीला आली. हे प्रत्येक ताटली आधी नळाखाली स्वच्छ धुऊन मग यंत्रात लावत होते. “यंत्र घाण होईल ना,” म्हणाले. त्या ‘आधी धुण्या’चे २२ लिटर भरले. म्हणजे दोनदा धुवायचं आणि पाणी वाचवतोय म्हणून समाधान मानायचं. खरं तर खरकटं फक्त निपटून टाकायचं असतं, आणि वाळून कडक होणारं असेल तर यंत्राचा थंड पाण्याचा छोटा खळबळ-प्रोग्राम लावून ठेवायचा. ज्या यंत्रांत पाण्याचा गढूळपणा मोजणारा सेन्सर असतो, ती तर स्वच्छ पाणी दिसलं की भांडी फारशी मळलेली नाहीत असं समजून धुणंच आवरतं घेतात. मग खरोखर चिकटलेलं तसंच राहतं आणि बोल यंत्राला.

लोकांची दुसरी तक्रार असते वेळेची. इको प्रोग्राम तीन-साडेतीन तास चालतो, एवढ्या वेळात मी चार वेळा घासून टाकेन, असं मला माझ्या बहिणीने फोनवर ऐकवलं. हर्बर्ट सिन्नर या जर्मन रसायनतज्ज्ञाने १९५९ साली एक सोपं वर्तुळ मांडलं. कुठल्याही धुण्यात चार भागीदार असतात: रसायन, उष्णता, वेळ आणि घासण्याचा जोर. एकाचा वाटा कमी केला की बाकीच्यांना तो उचलावा लागतो. हाताला जोर आहे, पण सोसवेल इतकंच गरम पाणी आणि सोसवेल इतकाच सौम्य साबण त्याला चालतो. यंत्राकडे घासणी नाही, म्हणून ते कडक अल्कली, स्टार्च आणि प्रथिनं तोडणारी विकरं व भरपूर वेळ वापरतं. इकोमध्ये पाणी ५० अंशांच्या आसपासच तापवायचं आणि त्याची भरपाई वेळेने करायची, असा तो व्यवहार आहे. वीज बहुतेक पाणी तापवण्यातच जाते; फवाऱ्याचा पंप त्या मानाने फार थोडी खातो. त्यामुळे जास्त वेळ म्हणजे जास्त वीज हा हिशेब इथे उलटा पडतो. रात्री लावून झोपलं तर तीन तास कुणाला मोजायचे आहेत?

त्याच अल्कलीने मला फजितही केलं. अ‍ॅल्युमिनियमचं एक जुनं, लखलखीत पातेलं मी कौतुकाने यंत्रात लावलं. बाहेर आलं ते काळपट राखाडी. अ‍ॅल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा पातळ थर अल्कलीत विरघळतो, हे मी किती वर्षं मुलांना परीक्षानळीत दाखवत होते! अजून ते पातेलं समोर आलं की मान खाली जाते. बिडाचा तवा गंजतो, लाकडी पळी तडकते, तांब्या-पितळेची झिलई जाते, धारदार सुरी बोथट होते, नक्षीदार काच हळूहळू धुरकट होते. ही सगळी मंडळी हातानेच धुवायची. यंत्र घेण्याआधी आपल्या घरात यांची संख्या किती, ते एकदा मोजावं. निम्मी भांडी यांतलीच असतील, तर विचार सोडून दिलेला बरा.

निवडीबद्दल तुमच्या लेखात ‘किती प्लेस सेटिंग’ एवढंच होतं. हे माप एका माणसाच्या ठरावीक ताटल्या, वाडगे, कप आणि काटे-चमचे यांचं असतं. ६० सेंटिमीटर रुंदीच्या यंत्रात तसे १२ ते १६ संच मावतात, ४५ सेंटिमीटरच्या यंत्रात नऊ-दहा, ओट्यावर ठेवायच्या छोट्यात सहाच्या आसपास. ज्या घरात ताटल्या कमी आणि पातेली जास्त, त्या घराला हा आकडा काहीही सांगत नाही. मी काय केलं सांगते. दुकानात जाताना आमचं सगळ्यात उंच पातेलं आणि सगळ्यात मोठी ताटली पिशवीत घालून नेली. मुलगा चार पावलं मागून चालत होता, आमची ओळख नसल्यासारखा. पण एका यंत्रात वरचा कप्पा खालीवर होत नव्हता आणि दुसऱ्यात खालच्या कप्प्याचे दाते आडवे पडत नव्हते, हे पातेलं ठेवून बघितल्यावरच कळलं. माहितीपत्रकातल्या फोटोत सगळंच मावतं. ठेवल्यावर फवाऱ्याचा हात, म्हणजे पाणी फवारणारा फिरता दांडा, हाताने फिरवून बघावा. पातेल्याच्या मुठीला अडला, तर घरीही अडणार आणि वरची भांडी कोरडी ठक्क राहणार.

आतली टाकी पूर्ण स्टीलची असावी. ती उष्णता धरून ठेवते आणि भांडी जास्त चांगली वाळतात. प्लॅस्टिकचे डबे मात्र कशातही ओलेच निघतात, कारण ते लगेच निवतात. आवाज ४४ डेसिबेलच्या आसपास असेल तर शेजारच्या खोलीत झोप लागते. पन्नासच्या पुढे गेला की जाणवतो. वर्षाला किती वीज लागते यापेक्षा दर धुण्याला किती युनिट आणि किती लिटर, हे विचारावं. कारण प्रत्येक घर वर्षाला सारख्या खेपा करत नाही. मोबाइलवरून चालू करायची सोय मला निरुपयोगी वाटली. भांडी लावायला शेवटी यंत्रापाशी जावंच लागतं.

आणि यंत्रात घालायचं मीठ. कित्येकांना ते जुनं खूळ वाटतं. जड पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम काढून घेणारी राळ (रेझिन) यंत्रात असते. ती थकली की तिला मिठाच्या पाण्याने पुन्हा ताजं करावं लागतं. आमच्या प्रयोगशाळेतल्या, पाण्यातले क्षार काढणाऱ्या आयन-विनिमय स्तंभाचंच हे भावंड. पाणी किती जड आहे ते मोजून यंत्रात तसा आकडा लावला नाही, तर पेल्यांवर पांढरी साय दिसते आणि लोक पावडर बदलत बसतात. खालची गाळणी आठवड्यातून एकदा काढून धुवावी लागते, हे मला विक्रेत्याने सांगितलं नव्हतं. वासाने सांगितलं.

एवढं सगळं करून यंत्र पाण्यात माझ्याशी जेमतेम बरोबरी करतं, मग मी ते का ठेवलंय? माझ्या उजव्या अंगठ्याच्या मुळाचा सांधा झिजला आहे. घासणी पिळताना कळ थेट कोपरापर्यंत जाते. डॉक्टरांनी ओलं फडकं पिळायचं नाही म्हणून बजावलं, तेव्हा घरात यंत्राचा विषय निघाला. पाणी वाचतं हे कारण आम्ही नंतर जोडलं, पाहुण्यांना सांगायला बरं म्हणून.

या यंत्राचा जन्मही पाण्यासाठी झालेला नाही. अमेरिकेत इलिनॉयमधल्या शेल्बीव्हिल गावच्या जोसेफिन कोक्रेन या बाईंना आपल्या चिनी मातीच्या भांड्यांचे टवके उडतात याचा संताप यायचा. त्यांनी ब्रश लावून घासण्याऐवजी पाण्याच्या दाबाने धुणारं यंत्र काढलं आणि २८ डिसेंबर १८८६ रोजी त्याचं पेटंट मिळवलं. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात ते मांडलं गेलं. गिऱ्हाईक मिळालं ते मुख्यतः हॉटेलांचं. घरांत ते शिरायला पुढे कित्येक दशकं लागली.

माझी विनंती छोटी आहे. पुढच्या वेळी अशी चौकट छापाल, तेव्हा हाताने धुणाऱ्याने नळ सोडला होता की टब भरला होता, पाणी गरम होतं की गार, आणि यंत्राबाहेर राहिलेली भांडी हिशेबात धरली होती का, एवढ्या तीन ओळी त्यात घालाव्यात. जागा कमी पडत असेल तर ‘फक्त’ हा शब्द काढा. आमच्या ह्यांनी तोच तीनदा वाचून दाखवला होता.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त प्रयोगशाळा परिचर